तीनदा उचलायची गाडी

नागोजी अण्णा मेकॅनिक नव्हते. हे ते स्वतःच आधी सांगून टाकत. कोणी फाटकाशी गाडी लावून "अण्णा, इंजिनातून आवाज येतोय" म्हणालं, की दोन्ही हात पाठीमागे बांधून ते म्हणत, "आवाज मेकॅनिकला ऐकवा की. मी फक्त निवडून देतो." निवडून देतो म्हणजे मोटरसायकल निवडून देतो. तीही कुठलीही नाही. लहान, हलकी, हायवेवरही पळेल आणि दगडधोंड्यांच्या वाटेवरही चढेल अशी. तिला हल्ली सगळे ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. अण्णा तिला "दोन्हीकडची" म्हणायचे.

गेल्या महिन्यात ते गेले. बेंगळूरमधल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी बेळ्ळंदूरच्या ऑफिसात एका मीटिंगमध्ये बसलो होतो. मेसेज वाचला, हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. उत्तर बरोबरही होतं. दुःख झालं असं मी म्हणणार नाही, कारण ते झालं नाही. गेली दोन-तीन वर्षं मला फारसं काही होतच नाही. पण अण्णांबद्दलची एक गोष्ट माझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, आणि ती कुठेतरी सांगून टाकायला हवी.

अण्णा के. आर. पुरमला राहायचे. बुटके, खांद्यांनी रुंद, डोक्यावर पांढरे केस भरपूर. पस्तीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढून निवृत्त झालेले. त्यांचे कोणी पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि राहिले, एवढंच त्यांना माहीत होतं. मूळ गाव कुठलं असं विचारलं की म्हणायचे, "ते आमाला बी ठाऊक न्हाई. आमचं गाव बेंगळूर." स्वतःला गाव नसल्यामुळे की काय, इतरांना मात्र ते गावाच्याच नावानं हाक मारत. ग्रुपमधून त्यांचा नंबर घेऊन येणारी आम्ही आयटीतली मंडळी म्हणजे पुणे, सातारा, ठाणे. मी नागपूर. माझं खरं नाव त्यांनी एकदा विचारलं होतं, "छान हाय" म्हणाले होते आणि पुन्हा कधी वापरलं नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तो बाबा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात. बाबा मार्चमध्ये गेले. चौदाव्या दिवशी मी परत येऊन लॅपटॉप उघडला. ऑफिसातली दोघंतिघं रविवारी डोंगरवाटांवर गाड्या घेऊन जायची, त्यांनी "तू पण घे" म्हटलं. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं. मला तेही सुचलं नाही.

अण्णांनी आधी कॉफी मागवली. बेंगळूरच्या हॉटेलात एका कॉफीचे दोन पेले करून देतात, तशी ते घरीही करून घेत. त्यांची बायको, सरोजम्मा, एक कप आणि एक रिकामा पेला आणून ठेवायची आणि अण्णा टूलरूमच्या मापानं ती अर्धी-अर्धी ओतायचे. मग चौकशी सुरू.

"गाडी कशाला पाहिजे?"

"ट्रेल्सवर जायला. रविवारी."

"रविवारचं समदेच सांगतात. सोमवारी कुठं जाणार?"

"ऑफिसला. बेळ्ळंदूर."

"हां. म्हणजे सहा दिवस सिग्नलवर उभी करायची आणि एक दिवस दगडावर घालायची. दोन्हीकडची गाडी म्हणजे दोन्हीकडं स्वल्प वाईट. रस्त्यावर तुमाला वाटणार, अजून पळायला पाहिजे होती. दगडावर वाटणार, अजून हलकी पाहिजे होती. दोन्हीकडं तक्रार सारखी आली म्हणजे निवड बरोबर."

मी माहिती गोळा करून नेली होती. कोणत्या गाडीची ताकद किती, सीट किती उंच, पुढचं चाक एकवीस इंची की एकोणीस. त्यांनी माझा फोन हातात घेऊन तो सगळा तक्ता शांतपणे शेवटपर्यंत पाहिला आणि परत दिला. मग मी मित्राची मागून आणलेली दोनशे सीसीची गाडी त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत नेली. तिथं मऊ मातीवर जुनी पोती पसरलेली होती.

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. "आता पाडा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण त्यांनीच गाडीचं इंजिन बंद आहे, गिअर टाकलेला आहे हे पाहून घेतलं आणि एखाद्या म्हाताऱ्या म्हशीला बसवावं तशी ती अलगद डाव्या कुशीवर पोत्यांवर आडवी केली. "आता उचला. एकट्यानं."

मी हँडल धरून वाकलो आणि ओढायला लागलो. ते हसले नाहीत. त्यांनी पद्धत दाखवली. गाडीकडे पाठ करायची. खाली बसून ढुंगण सीटला टेकवायचं. उजव्या हातानं हँडल, डाव्या हातानं मागचा कॅरिअर धरायचा. मग पाठ ताठ ठेवून नुसत्या पायांनी, छोटी छोटी पावलं मागे टाकत उभं राहायचं. गाडी आपोआप मागून वर येते. मी उचलली. त्यांनी ती पुन्हा पाडली. मी उचलली. त्यांनी पुन्हा पाडली. तिसऱ्या वेळी माझ्या मांड्या थरथरायला लागल्या, पण गाडी उभी राहिली.

"आय्तु. झालं. ही तुमची," अण्णा म्हणाले. "एकदा तर कोन बी उचलतो. वाटेवर मानूस दमल्यावर पडतो, आणि दमल्यावरच परत पडतो. तिसऱ्यांदा जी उठते तीच आपली गाडी. ते रविवारी सगळे मिळून जातात ते सोडा. एकटं असताना काय, ते बघायचं."

एवढीच त्यांची परीक्षा. ताकद, चाक, किंमत हे सगळं नंतर. तिसऱ्यांदा उठली नाही, तर ते सरळ सांगत, "बेडा. नको. हिच्या खालची बघू." मारतहळ्ळीहून पुण्याचं एक जोडपं आलं होतं, तेव्हा मी तिथंच होतो. नवऱ्याला चारशे सीसीची मोठी गाडी हवी होती आणि ती त्यानं आणलीही होती. पहिल्यांदा त्यानं ती नुसत्या दंडांच्या जोरावर उचलली आणि आमच्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा त्याचा चेहरा लाल झाला. तिसऱ्यांदा गाडी तसूभर हलली नाही आणि त्याला आपलं कंबरेचं जुनं दुखणं आठवलं. बायको नुसती बघायला आली होती. "मी करून बघू?" म्हणाली. अण्णांनी सांगितलं तस्संच, पाठ टेकवून, न बोलता, तिनं ती गाडी तीनदा उचलली. तिसऱ्यांदा उचलल्यावर ओढणी झटकली.

"सरी," अण्णा नवऱ्याला म्हणाले, "गाडी ताईंना पास झाली. तुमी मागं बसा की."

नवऱ्यानं त्याच्या वाटची अर्धी कॉफी एका घोटात संपवली. पुढं त्यांनी लहानच गाडी घेतली, आणि म्हणे दोघंही चालवतात.

अण्णांची स्वतःची गाडी जुनी, दोनशे सीसीचीच. दर दुसऱ्या गुरुवारी सकाळी साडेपाचला ते तिच्यावरून कोलारच्या बाजूला त्यांच्या मोठ्या बहिणीकडे, आक्काकडे, जायचे. एका गुरुवारी मला सुट्टी होती, आणि तोवर मी तसलीच गाडी घेतली होती. बरोबर चला म्हणाले. होस्कोटेच्या पुढं हायवेवर ट्रक अंगावरून जात होते आणि अण्णा डाव्या कडेनं साठच्या वेगानं एका रेषेत चालले होते. कोलार मागे टाकल्यावर डांबर संपलं. पुढचे चार किलोमीटर म्हणजे पाण्यानं खोदलेली दगडांची चढण. मी दोनदा पडलो. अण्णा थांबले, पण मागे आले नाहीत. पुढच्या वळणावर एका दगडावर माझ्याकडे पाठ करून बसले. मी गाडी उचलल्याचा आवाज आला की उठून निघायचे. दुसऱ्याची गाडी उचलायला हात लावणं हा त्यांच्या दृष्टीनं अपमान होता.

आक्का पंचाहत्तरीच्या. नवऱ्यानं लावलेली आंब्याची बाग, दोन खोल्यांचं घर, मुलं परदेशी. बेंगळूरला या म्हटलं तर येत नाहीत. कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. अण्णा त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आक्का, डोळं कसं हाय?"

"कुनाचं?"

"तुझं!"

"माझं कसलं? माझं बरं हाय. तुझ्या बायकोचं गुडघं कसं हाय?"

असं तासभर. कोण गेलं, कोणाला मुलगी झाली, आईची नथ शेवटी कोणाकडे राहिली. मग आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "बाप हाय का?"

"नाही. गेले. मार्चमध्ये."

त्यांना ऐकू गेलं नाही, पण माझे ओठ त्यांनी वाचले असावेत. त्यांनी रागी मुद्देचा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा, आणखी एक गोळा माझ्या ताटात ठेवला आणि सारात बुडवून गिळायचा, चावायचा नाही, हे खुणेनं दाखवलं. मी गिळला.

परतताना बागेच्या टोकाशी अण्णा म्हणाले, "घरात माझं मराठी ऐकायला कोन हाय? सरोजम्माचं तेलुगू, पोराचं कन्नडा, नातवाचं इंग्लिश. आईबरोबर बोलायचो ते मराठी आता ह्या एका कानात राहिलंय. फोनवर तिला ऐकू येत न्हाई. म्हणून यायचं." मग हेल्मेट घालता घालता, "माझं यायचं बंद झालं तर ती कुनाशी बोलंल? आणि मी बी."

दुसऱ्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं बधिर झाली. मानेतली नस दबली आहे, डॉक्टर म्हणाले. मुलगा म्हणाला, गाडी विका, मी कारनं नेतो. पण कार डांबर संपतं तिथंपर्यंत, आणि मुलाला सवड होते तेव्हा. एका शनिवारी अण्णांचा फोन आला, "नागपूर, स्वल्प या, जरा काम हाय." मी गेलो तर पोती पसरलेली होती आणि त्यांची स्वतःची गाडी त्यावर आडवी होती. मला समोर उभं करून त्यांनी ती एकदा उचलली. दुसऱ्यांदा उचलली. तिसऱ्यांदा ती गुडघ्याएवढी वर आली आणि परत खाली गेली. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"बेडा," ते म्हणाले. "हिच्या खालची बघू."

इतकी वर्षं सगळ्यांना निवडून देणाऱ्या माणसाला आता स्वतःसाठी निवडायची होती, आणि त्यांनी स्वतःला रतीभर सूट दिली नाही. दोन महिने आम्ही जुन्या गाड्या पाहत फिरलो. एक हलकी होती, पण सीट इतकी उंच की त्यांचे पाय टेकेनात. एक ते सहज उचलत, पण हायवेवर ट्रक शेजारून गेला की ती कडेला ढकलली जायची. एकीचा क्लच इतका जड की झोपलेल्या बोटांना तो दाबल्याचंही कळेना. प्रत्येक वेळी ते विकणाऱ्याला हात जोडून, गाडीची स्तुती करून निघायचे. आक्कांकडचे तीन गुरुवार चुकले. चौथा चुकल्यावर ते आपल्या वाटची कॉफीही अर्धवट सोडायला लागले.

शेवटी मारतहळ्ळीला एका अपार्टमेंटच्या मागं एक गाडी मिळाली. दीडशे सीसी, पुढचं चाक मोठं, क्लच लोण्यासारखा, हायवेवर सत्तरनं सरळ चालणारी. अण्णांनी ती चालवून आणली तेव्हा त्यांचा चेहरा मी प्रथमच तसा पाहिला. मालकाला विचारून त्यांनी ती मातीत आडवी केली. मालक समोर उभा राहिला. मी हेल्मेट धरून गाडीच्या पलीकडे, अण्णांच्या पाठीमागे होतो.

पहिल्यांदा उठली. दुसऱ्यांदा उठली, पण उभं राहिल्यावर ते बराच वेळ डोळे मिटून श्वास घेत होते. तिसऱ्यांदा त्यांनी सीटला पाठ टेकवली, जोर लावला आणि गाडी अर्ध्यावर येऊन थांबली. मला त्यांची मान दिसत होती. तिच्यावरची शीर टरारली होती. मालक त्याच क्षणी फोनकडे पाहत होता. मी हेल्मेट कोपरात अडकवलं, वाकलो आणि माझ्या बाजूचं हँडल धरून ओढलं. फार नाही. एखादी बादली उचलायला लागतो तेवढाच जोर. गाडी उभी राहिली.

का केलं, हे मला तेव्हाही नीट माहीत होतं. बाबा दवाखान्यात असताना मी दोन महिने "पुढच्या शनिवारी येतो" म्हणत राहिलो होतो. अण्णांचे गुरुवार चुकताना मला पाहवत नव्हते. एवढी एकच गोष्ट त्या काळात मला खरोखर वाटली, आणि तिनं घात केला.

अण्णा वळले. "आली की हो," म्हणाले. "तिसऱ्यांदा आली."

"आली, अण्णा."

त्या गाडीवरून ते चार गुरुवार जाऊन आले. पाचव्या गुरुवारी, उन्हाच्या दिवसांत, त्या दगडांच्या चढणीवर पडले. लागलं काहीच नाही. उचलली. पन्नास पावलांवर परत पडले. उचलली. तिसऱ्यांदा पडले तेव्हा आक्कांचं घर समोर दिसत होतं, पायी फार तर वीस मिनिटं. गाडी तिथंच टाकून चालत जाता आलं असतं. कोणी पळवून नेणारं तिथं नव्हतं. पण अण्णा ती उचलत राहिले. दोन तास. दुपारी शेळ्या घेऊन जाणाऱ्या एका बाईला ते गाडीशेजारी आडवे पडलेले दिसले. कंबरेचा मणका सरकला होता आणि उन्हानं शुद्ध हरपली होती.

त्यानंतर ते धड चालू शकले नाहीत. मुलानं एकदा त्यांना कारनं डांबर संपतं तिथंवर नेलं. आक्का काठी टेकत खाली आल्या, त्यांना दोन तास लागले. दोघं कारमध्ये बसली. ती शेवटची भेट.

मी भेटायला गेलो तो एक रविवार होता. ते व्हरांड्यात खुर्चीवर, कंबरेला पट्टा, मांडीवर फोन. सरोजम्मानं कॉफी आणली. ती त्यांनी अर्धी केली, पण टूलरूमचं माप चुकलं, माझ्या वाट्याला जास्त आली.

"नागपूर, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "मारतहळ्ळीला त्या दिवशी मी गाडी तीनदा उचलली होती न्हवं?"

माझ्या मनात आलं की सांगावं. मग मनात आलं, आता सांगून काय, या अवस्थेत माणसाचा तेवढा तरी अभिमान राहू द्यावा. हे सगळं दोन सेकंदांत. मी म्हणालो, "उचलली होती, अण्णा. मी होतो ना तिथं."

"तेच," ते म्हणाले. "म्हणूनच मी ती सोडून गेलो न्हाई. मला ठाऊक होतं, मला उचलता येते. आली न्हाई तर गाडी टाकून चालाय लागायचं, हे मीच लोकांना सांगतो. पण मला येत होती की." त्यांनी आपला डावा हात उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे परीक्षाच चुकीची. पोत्यावर तीनदा उचलून काय बी कळत न्हाई. इतकी वर्षं मी लोकांना चुकीचं सांगितलं. उद्या कुनी माझ्या भरवशावर असंच उन्हात पडलं तर?"

"तसं नाही, अण्णा."

"तसंच हाय."

त्यांनी फोन उचलला. ज्यांना ज्यांना गाडी निवडून दिली, त्या सगळ्यांचे नंबर त्यात होते. रोज चारपाच जणांना करतो, म्हणाले. कंबर तेवढीच साथ देते. माझ्यादेखत त्यांनी एक नंबर लावला. पलीकडचा माणूस ओळखेना, तेव्हा त्यांनी के. आर. पुरम सांगितलं, मागची मोकळी जागा सांगितली. मग कारखान्यात वरिष्ठांपुढं उभं राहून बोलत असतील तशा आवाजात म्हणाले, "मी तुमाला तीनदा उचलाय लावली होती, आठवतंय का? ते सोडून द्या. ते बरोबर न्हाई. माझी चूक झाली. एकटं असला आणि पडला, तर गाडीला हात लावू नका, चालत निघा. माफ करा, हां."

मी उरलेली कॉफी प्यायलो. पेला स्वतः आत नेऊन ठेवला, सरोजम्माला येतो म्हणालो. चपला घालेपर्यंत त्यांनी दुसरा नंबर लावला होता. पलीकडे रिंग वाजत होती, आणि ती वाजत असताना त्यांनी माझ्याकडे पाहून "सावकाश जा" अशी मान हलवली. खरं सांगणारं एकच वाक्य मला बोलायचं होतं, फाटकापासून चार पावलांवरून. मी हेल्मेट घातलं. गाडी सुरू केली तेव्हा ते पुन्हा म्हणत होते, "माझी चूक झाली."